कांचीची दुपार दुकानात घालवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चवथ सरली की गोव्यात दक्षिणेच्या यात्रांचे बेत सुरू होतात. फोंडा, डिचोली, म्हापसा, मडगाव अशा गावोगावी बस ठरते. तिरुपती, कांची, मदुराई, रामेश्वर असा मार्ग आखला जातो आणि त्यात कांचीपुरमच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. सकाळी तिरुपतीहून निघालेली बस कांचीत अकराच्या सुमारास पोहोचते. बारा-साडेबाराला बहुतेक मंदिरांची दारे लागतात, ती चारच्या आसपास उघडतात. मधले तास बस एका साडीच्या दुकानापुढे उभी राहते. चार वाजता एका मंदिरात दर्शन, की गाडी पुढे. कांची पाहिली आणि कांजीवरम घेतली, असे यात्रेकरूंना वाटते. बऱ्याचदा दोन्हीतले एकही धड झालेले नसते. यंदाच्या यात्रा ठरण्याआधी हे पत्र छापले जावे, एवढ्यासाठी लिहीत आहे.

पहिली गोष्ट, कांचीत एक रात्र मुक्काम हवाच. संध्याकाळी पोहोचा, दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिरे, दुपारी विणकरांचे माग, पुन्हा संध्याकाळी मंदिरे. ‘अयोध्या मथुरा माया काशी कांची अवन्तिका’ या श्लोकातल्या सात मोक्षपुऱ्यांत दक्षिणेतली ही एकटीच. तिला चार तास देणे बरे नव्हे.

दुसरी गोष्ट ऋतूची. आपला पाऊस जून ते सप्टेंबर, म्हणून दिवाळीनंतरचा काळ आपल्याला कोरडा वाटतो. कांचीत नेमके उलट. तिथे ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, त्यातही नोव्हेंबर भारी. त्या दिवसांत खड्ड्याच्या मागात पाणी झिरपते, ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, ओलसर होऊन चिकटतो आणि विणकाम थांबते. मंदिरे दिसतील, माग चालताना दिसणार नाहीत. पोंगल आटोपल्यावर, म्हणजे जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. मे-जूनमध्ये वरदराज पेरुमाळच्या ब्रह्मोत्सवातली गरुडसेवा मोठी असते. तिच्यासाठीच जायचे असेल तर ऊन आणि गर्दी दोन्ही सोसायची तयारी ठेवावी.

गोव्याहून विमानाने चेन्नईला उतरणाऱ्यांनी शहरात शिरायची गरज नाही. विमानतळ शहराच्या दक्षिण अंगाला आहे आणि तिथून कांची साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. विमानतळासमोरच्या तिरुसुलम स्थानकावरून लोकल रेल्वेनेही जाता येते. थेट कांचीच्या गाड्या थोड्या, नाहीतर चेंगलपट्टूला बदलावी लागते. बसने जाणाऱ्यांना बेंगळुरूवरून सोयीचे पडते. बेंगळुरू-चेन्नई महामार्ग कांचीच्या जवळूनच जातो, अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर.

मंदिरांचा क्रम असा ठेवावा. सकाळी उघडताच कैलासनाथ. गावाच्या पश्चिम टोकाला असल्याने बसवाले ते गाळतात, आणि कांचीतले सर्वांत जुने, सर्वांत नाजूक काम तिथेच आहे. पल्लव राजा राजसिंह, म्हणजे दुसरा नरसिंहवर्मा, याने इसवी सन ७०० च्या सुमारास ते उभारले. पाया ग्रॅनाइटचा, वर वालुकाश्म. मंदिर पूर्वाभिमुख आहे, म्हणून कोवळे ऊन समोरून येते तेव्हाच कोरीव काम उठून दिसते. आवाराच्या भिंतीला लागून ५८ छोट्या देवळ्या आहेत. काहींत मूळ गिलाव्याचे आणि रंगाचे अवशेष अजून दिसतात. वालुकाश्म झिजतो, पूर्वीच्या दुरुस्त्यांत त्यावर थापलेला गिलावाही जागोजाग दिसतो. कुठेही हात लावू नये, टेकून फोटो काढू नये. गर्भगृहाभोवतीच्या प्रदक्षिणेच्या बोळात शिरताना आणि निघताना अक्षरशः रांगावे लागते. गुडघेदुखी असलेल्यांनी बाहेरूनच नमस्कार करावा. आत अडकलेल्या माणसाला मागून येणारे वाट देऊ शकत नाहीत.

तिथून कामाक्षी. शिरोड्याच्या कामाक्षीचे कुळावी आपल्याकडे पुष्कळ, त्यांना हे वेगळे सांगायला नको. इथली देवी पद्मासनात बसलेली आहे, हातांत उसाचे धनुष्य, फुलांचे बाण, पाश आणि अंकुश; पुढ्यात श्रीचक्र. कांचीतल्या शिवमंदिरांत देवीचा वेगळा गाभारा ठेवत नाहीत, सगळ्यांची देवी ही एकच, अशी तिथली धारणा. त्यानंतर एकाम्बरेश्वर. पंचमहाभूतांपैकी पृथ्वीचे हे लिंग. वाळूचे मानले जात असल्याने त्याच्यावर जलाभिषेक होत नाही. दक्षिणेचे उंच गोपुर कृष्णदेवरायाने १५०९ मध्ये बांधले. हे तिन्ही उरकेपर्यंत बारा वाजतात. वैकुंठ पेरुमाळ आणि वरदराज संध्याकाळसाठी राखावीत. वैकुंठ पेरुमाळच्या ओवऱ्यांतल्या भिंतींवर पल्लव घराण्याचा इतिहास राज्याभिषेकांसकट कोरला आहे, तो पाहायला घाई चालत नाही. वरदराजाच्या शंभर खांबांच्या मंडपात एका दगडातून कोरलेल्या साखळ्या आहेत. तळ्यात ठेवलेली अत्ती वरदराची लाकडी मूर्ती चाळीस वर्षांतून एकदा बाहेर काढतात. २०१९ मध्ये काढली होती, म्हणून पुढचे दर्शन २०५९ मध्ये.

खांबांवर आणि भिंतींवर काय आहे ते नीट पाहून ठेवावे: याळी (सिंहासारखा काल्पनिक प्राणी), हंस, मोर, कळसांची ओळ. दुपारी हेच सगळे साडीच्या काठावर भेटते. काठावरच्या उभ्या त्रिकोणांच्या ओळीला आपण करवत म्हणतो, कांचीत तिला गोपुराशी जोडतात. ‘ताळंपू’ म्हणजे केतकी, ‘मयिलकण’ म्हणजे मोराचा डोळा, ‘मल्लिमोग्गु’ म्हणजे मोगऱ्याची कळी, ‘मुत्तु कट्टम’ म्हणजे मोत्यांची चौकट. ही नावे उच्चारून साडी मागितली की विक्रेत्याचा सूर बदलतो, हे खरेच आहे.

आता दुपार. पिल्लैयारपाळयम ही विणकरांची जुनी वस्ती. अनेक घरांत पुढच्या खोलीतच माग असतो. जमिनीत खड्डा, त्यात विणकराचे पाय आणि पायट्या, ताणा जमिनीच्या पातळीला. जमिनीतला ओलावा रेशमाला लवचीक ठेवतो, म्हणून ही रचना. तोच ओलावा पावसात अती होतो. सकाळी लवकर गेलात तर गल्लीत लांबच लांब ताणा पसरून त्याला तांदळाची पेज देताना दिसेल. कुणाच्याही घरी विचारूनच आत जावे, चपला बाहेर काढाव्यात. ताण्याला हात लावू नये, बोटांचे तेल रेशमावर डाग धरते. फोटोला परवानगी घ्यावी.

एक गैरसमज मात्र सोडून द्यावा, विणकराच्या घरी साडी स्वस्त मिळते हा. बहुतेक विणकर सहकारी संस्थेचे किंवा मोठ्या व्यापाऱ्याचे काम करतात. रेशीम आणि जर तिकडून मोजून येते, साडी तिकडेच परत जाते, विणकराला नगावर मजुरी मिळते. मागावरची साडी त्याच्या मालकीची नसते. ती तुम्हाला विकायला लावणे म्हणजे त्याला अडचणीत आणणे. ‘विणकराकडून थेट’ अशी पाटी लावलेले घर बऱ्याचदा दुकानाचाच मागचा दरवाजा असते.

मागावर काय पाहावे? कोरवै. कांजीवरमचा जीव तिथे आहे. साडीचे अंग एका रंगाचे आणि दोन्ही काठ दुसऱ्या रंगाचे, तर एकच धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारे साधन, या टोकापासून त्या टोकापर्यंत मारून चालत नाही. तीन धोटे लागतात: डाव्या काठाला एक, अंगाला एक, उजव्या काठाला एक. अंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, काठाच्या सीमेपर्यंत येतो, काठाच्या बाण्यात अडकतो आणि मागे वळतो. काठाचा बाणाही तसाच. प्रत्येक फेरीला ही गाठभेट. एका माणसाच्या हाताला तिन्ही धोटे पुरत नाहीत, म्हणून शेजारी मदतनीस बसतो, पुष्कळ घरांत विणकराची पत्नीच. अशी साडी उतरायला दहा ते वीस दिवस लागतात. पैठणी विणणाऱ्यांना ही अडकवण ओळखीची वाटेल, तत्त्व जवळचे आहे. पदराचा रंगही वेगळा हवा असेल तर पेटनी: अंगाचा ताणा संपतो तिथे नव्या रंगाचा ताणा एकेका धाग्याला जोडून पुढे घेतात. तिथे दोन्ही रंगांची मिळून एक आडवी, किंचित जाड पट्टी राहते. तिला दोष समजून साडी परत करणारे गिऱ्हाईक असतात. ती तर सहीची जागा.

कोरवै आहे की नाही, हे दुकानात अर्ध्या मिनिटात कळते. काठात जरीच्या नक्षीमधल्या मोकळ्या रेशमाकडे पाहा. अंग हिरवे आणि काठ लाल असेल, आणि काठाची लाली निखळ असेल तर काठाला स्वतःचा बाणा आहे. लालीत हिरवट झाक मारत असेल तर अंगाचाच बाणा काठातून गेला आहे. मग साडी उलटी करून सांध्यावरून बोट फिरवा, कोरवैचा सांधा बोटाला लागतो. एक खबरदारी: कोरवै नसणे म्हणजे फसवणूक नव्हे. एका धोट्याची साडीही हातमागाची आणि शुद्ध रेशमाची असू शकते, तिला मेहनत कमी म्हणून तिची किंमत कमी असायला हवी, इतकेच. कोरवैची किंमत घेऊन एका धोट्याची साडी देणे, ही फसवणूक.

हातमाग की यंत्रमाग, हे ओळखायला कडा पाहा. हातमागावर कापड रुंदीत ताणून धरायला दोन टोकांना सुया असलेली काडी लावतात, तिची बारीक भोके दोन्ही कडांना ओळीने दिसतात. अंगावरचे बुट्टे उलट्या बाजूने पाहा: छोट्या कांड्यांनी एकेक बुट्टा विणला असेल तर धागा बुट्ट्याच्या कडेला वळून परत जातो, यंत्रावर तो बुट्ट्याबुट्ट्यांमध्ये लोंबतो किंवा कापलेल्या टोकांची लव दिसते. विचारताना सरळ तमिळ शब्द वापरावेत. ‘कैत्तरी’ म्हणजे हातमाग, ‘विसैत्तरी’ म्हणजे यंत्रमाग. उत्तर काहीही मिळो, ते बिलावर लिहून मागावे.

रेशमाची परीक्षा जाळून करतात हे सर्वांना ठाऊक असते, पण कुठला धागा जाळायचा हे ठाऊक नसते. पदराच्या दशांमधून धागा घेतला तर तो ताण्याचा असतो, आणि ताणा शुद्ध ठेवून बाण्यात भेसळ करणे हीच नेहमीची चलाखी. म्हणून ब्लाऊजपीसच्या कापलेल्या कडेतून बाण्याचा एक धागाही काढून मागावा. दोन्ही वेगवेगळे जाळावेत. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की ते विझू लागते आणि मागे काळी, चुरगळणारी राख राहते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. व्हिस्कोज कागदासारखे जळते, राख करडी आणि मऊ. धागा द्यायला नकार देणाऱ्या दुकानातून उठावे.

जरीचे प्रकरण अधिक अवघड. अस्सल जर म्हणजे लाल रंगवलेल्या रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळायची आणि वर सोन्याचा मुलामा. दुसऱ्या दर्जाच्या जरीत चांदीऐवजी तांब्याची तार असते. तिसऱ्यात धातूच नसतो, चकाकणारे प्लास्टिक असते. नखाने खरवडून आत लाल धागा दिसला की जर खरी, असे सगळीकडे सांगतात. नकली जर करणाऱ्यांनाही ते ठाऊक असल्याने ते आतला पॉलिएस्टरचा धागा लालच रंगवतात. म्हणून लाल दिसले तरी तो आतला धागा जाळून पाहावा, आणि महागाची साडी असेल तर क्ष-किरण यंत्रावर तपासून घ्यावी. सोनाराकडे सोन्याचा कस पाहायला असते तेच हे यंत्र, साडीला ओरखडाही न काढता चांदी, तांबे, सोने यांचे प्रमाण सांगते. सहकारी संस्था आणि तमिळनाडूच्या हातमाग विणकरांची राज्य संस्था को-ऑप्टेक्स, जी १९३५ पासून आहे, यांची दालने गांधी रोडच्या मोठ्या दुकानांइतकी झगमगीत नाहीत. घाईत असलेल्या गोवेकराने तरीही आधी तिथेच जावे, कारण तिथे दर ठरलेला असतो आणि साडीतला माल चिठ्ठीवर छापलेला असतो.

चिठ्ठ्यांविषयी एक घोळ सार्वत्रिक आहे. सिल्क मार्क फक्त सांगते की रेशीम शुद्ध आहे. साडी यंत्रावर विणली असली तरी ते लागू शकते. हॅण्डलूम मार्क सांगते की कापड हातमागाचे आहे. ते सुतीही असू शकते. कांचीपुरम रेशमाला २००५-०६ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन गाव आणि पद्धत यांच्याविषयी बोलते. तीन वेगळ्या प्रश्नांची ही तीन वेगळी उत्तरे आहेत. एक चिठ्ठी दाखवून तिन्ही गोष्टी मान्य करायला लावणे, हा विक्रीतला जुना डाव.

घरी आल्यावर फसवणूक कळली तरी हात बांधलेले नसतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे कांचीच्या साडीची तक्रार गोव्यातच, आपल्या जिल्ह्याच्या आयोगात. त्यासाठी पक्के बिल हवे, आणि त्यावर ‘साडी १ नग’ एवढेच नको. ‘शुद्ध रेशीम, हातमाग, कोरवै’ हे शब्द आणि जरीचा प्रकार हवा.

देवस्थानांच्या महाजनांना एक विनंती आहे. आपल्याकडे देवीला वाहिलेल्या साड्यांची पावणी, म्हणजे लिलाव, होते. भाविक ती बोली देवीचे वस्त्र म्हणून लावतात, त्यात कापडाची परीक्षा करत नाहीत, करूही नये. पण वाहणाऱ्याने तरी पाहावे. ‘कांजीवरम’ म्हणून वाहिलेल्या पुष्कळ साड्या पॉलिएस्टरच्या असतात. समयांच्या इतक्या जवळ नेसवलेले पॉलिएस्टर पेटले तर वितळून मूर्तीला चिकटते. रेशीम परवडत नसेल तर साधी सुती हातमागाची साडी वाहावी. देवीला ती कमी नाही. हेच आपल्या कुणबी साडीलाही लागू. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिला पुन्हा लोकांपुढे आणले, आणि आता सणासुदीला लाल चौकटी छापलेले कापड तिच्या नावावर विकले जाते. विणलेल्या चौकटीचा रंग दोन्ही बाजूंनी सारखा असतो, छापलेल्याचा उलट्या बाजूला फिका. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याने हातमागासाठी राखून ठेवलेल्या ११ प्रकारांत साडीही आहे. त्याची अंमलबजावणी कांचीत हवी तशी गोव्यातही हवी.

शेवटी साडी घरी आणल्यानंतरचे, कारण गोव्याचा पावसाळा चांदीच्या जरीला कांचीपेक्षा कितीतरी कठीण जातो. दमट हवा आणि हवेतले गंधक मिळून चांदी काळी पडते. म्हणून दुकानाची प्लास्टिकची पिशवी आणि खोका पहिल्याच दिवशी काढून टाका. साडीला रबर बॅण्ड कधीही लावू नका, रबरात गंधक असते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, अत्तर किंवा स्प्रे साडी नेसण्याआधी अंगावर मारून वाळू द्या. साडी धुतलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. खळीला कसर लागते. नेसून झाल्यावर लगेच घडी घालू नका, रात्रभर सावलीत वाऱ्यावर ठेवा. दर तीन महिन्यांनी घड्या मोडून दुसऱ्या ठिकाणी घाला, नाहीतर जर घडीवरच तुटते. फॉल लावण्याआधी सुती फॉल पाण्यातून काढून आटवून घ्या आणि तो नायलॉनच्या दोऱ्याने शिवू देऊ नका, तो रेशीम कापतो. गडद काठ आणि फिके अंग असेल तर घरी धुवू नका. काठाचा रंग उतरतो की नाही हे पांढऱ्या ओल्या रुमालाने आतल्या टोकाला तपासा. इस्त्री उलट्या बाजूने, मधे सुती कापड ठेवून. आणि ऑक्टोबरचे पहिले कोरडे ऊन पडले की कपाटातली प्रत्येक साडी एक दुपार सावलीत पसरून ठेवा.

– एक वाचक, फोंडा, गोवा